महाग डिझेल टाकावे की स्वच्छ डिझेल शोधावे?

पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा किंवा लासलगावला कांद्याचा हंगाम भरात आला की सकाळी पेट्रोल पंपांवर पिकअप, जीप आणि ट्रॅक्टरची रांग लागते. नळी हातात घेतलेला पोरगा विचारतो, "दादा, साधं टाकू का प्रीमियम?" बरेच जण साधेच टाकतात. पण नवी गाडी घेतलेल्याच्या मनात शंका येतेच. लाखोंची गाडी घेतली, मग तीन-चार रुपयांकडे कशाला बघायचे? भारी डिझेलने इंजिन जास्त टिकत असेल तर?

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. 'टर्बोजेट'सारख्या नावांनी मिळणारे प्रीमियम डिझेल म्हणजे वेगळ्या विहिरीतून काढलेले वेगळे तेल नव्हे. मूळ डिझेल तेच असते. त्यात नोझलवर काजळी धरू नये म्हणून साफ करणारे रसायन आणि गंजरोधक टाकतात, काहींत सिटेन वाढवणारे द्रव्यही असते. सिटेन म्हणजे दाबाखाली डिझेल किती लवकर पेट घेते याचे माप. देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आले. त्यात साध्या डिझेलचा सिटेन आकडा किमान ५१ असावाच लागतो आणि गंधक १० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. बीएस-३ च्या काळात हेच गंधक ३५० पीपीएमपर्यंत चालायचे. थोडक्यात, आजचे साधे डिझेल वीस वर्षांपूर्वीच्या डिझेलपेक्षा कितीतरी चांगले आहे. गाडीची पुस्तिका उघडून बघा. तिथे बीएस-६ डिझेल वापरा असे असते, प्रीमियमच वापरा असे सहसा नसते.

मग हे रसायन उगाच टाकतात का? तसेही नाही. याचे उत्तर आपल्या नाशकातच, सातपूरला आहे. ज्याला अजूनही सगळे 'मायको' म्हणतात आणि २००८ पासून ज्याचे नाव बॉश झाले, तो कारखाना कित्येक वर्षे डिझेल इंजिनाची नोझल आणि इंजेक्टर बनवतो. नोझलमधली सुई आणि ती ज्या भोकात सरकते ते भोक यांत दोन-चार मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. जुन्या ट्रॅक्टरचे नोझल दोनशे बारच्या आसपास दाबावर उघडते. नव्या कॉमन रेल गाडीत हाच दाब सोळाशे बार किंवा त्याहून वर जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या सुमारे सातशे पट. एवढ्या दाबात बारीक छिद्रांतून फवारा मारायचा तर जराशी काजळीही फवाऱ्याची दिशा बिघडवते. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. नोझल चोंदले की औषध पानावर धुके होऊन बसत नाही, थेंब थेंब ओघळते. इंजिनातही तसेच होते. डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो आणि ॲव्हरेज पडते.

नोझल साफ ठेवणारे रसायन अशा गाडीला उपयोगी पडू शकते. पण त्याचे काम गेलेले ॲव्हरेज काही अंशी परत देण्याचे आहे, नवे देण्याचे नाही. नोझल मुळात स्वच्छ असेल तर फरक हाताला लागत नाही. एका टाकीत गाडी 'हलकी पळायला लागली' असे कोणी म्हणाला तर त्यात मनाचा भाग मोठा.

हिशेब करून बघा. साधे डिझेल ९० रुपये आणि प्रीमियम ९४ रुपये धरू. खर्च बरोबरीत यायला ॲव्हरेज साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढले पाहिजे. पंधराचे ॲव्हरेज देणारी गाडी १५.७ च्या जवळ गेली पाहिजे. टायरमध्ये हवा कमी, वर दहा क्रेट जास्त किंवा रस्ता चांदवड घाटाचा, एवढ्यानेही याहून मोठा फरक पडतो. महिन्याला शंभर लिटर जाळणाऱ्याचे वर्षाला ४ हजार ८०० रुपये जादा जातात. त्या पैशांत बहुतेक गाड्यांचा डिझेल फिल्टर बदलून वर पैसे उरतात.

जुनी जीप आणि यांत्रिक पंपाचा ट्रॅक्टर यांना प्रीमियम टाकणे म्हणजे बैलाला बदाम चारणे. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, पण खेड्यापाड्यांत सेकंडहँड स्विफ्ट डिझेल अजून भरपूर आहेत. त्या कॉमन रेलच्या आहेत. लाखभर किलोमीटर पळालेल्या अशा गाडीला अधूनमधून दोन-तीन टाक्या प्रीमियम टाकून पाहायला हरकत नाही. रोज टाकायची गरज दिसत नाही.

खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे इंधन भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. त्यानंतर राज्यभर छापे पडले, सरकारी कर्मचारी रस्त्यावर उतरले. रॉकेल तेव्हा अनुदानामुळे फार स्वस्त होते, म्हणून ते डिझेलमध्ये मिसळायचे. पुढच्या वर्षांत अनुदान कमी करत नेले, तसा रॉकेलमधला तो नफा आटला. पण स्वस्त काहीतरी महागात मिसळून विकण्याची हाव संपली असे कोण म्हणेल?

रॉकेलने होते काय? इंजेक्शन पंपाला वेगळे वंगण नसते, डिझेलच त्याचे वंगण. रॉकेल पातळ, त्यामुळे पंप आणि सुई घासली जाते. भेसळीच्या डिझेलने झिजलेला पंप कोणतेही प्रीमियम दुरुस्त करत नाही.

तेव्हा पंपावर जाल तेव्हा हक्काने तपासा. प्रत्येक पंपावर घनता मोजायचे हायड्रोमीटर आणि थर्मामीटर ठेवावे लागते. १५ अंश तापमानाला आणलेली घनता टँकरच्या चलनावरच्या घनतेशी ताडून पाहा. घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक आला तर शंका घ्यायला जागा आहे. माप कमी वाटले तर शिक्का मारलेले ५ लिटरचे माप मागा. ग्राहकाने मागितले तर तपासून दाखवणे पंपवाल्याचे काम आहे, उपकार नव्हे. फिल्टर पेपरची चाचणी मात्र पेट्रोलची आहे, डिझेलला ती चालत नाही.

ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल ठेवणाऱ्यांनी ड्रम सावलीत, बूच घट्ट लावून ठेवावा. पावसाळ्यात आत पाणी धरते. ते तळाशी जाते, म्हणून शेवटचे चार बोटे डिझेल ट्रॅक्टरमध्ये ओतू नये. गाडीच्या फिल्टरखालचा पाण्याचा नळ मिस्त्रीकडून वेळच्या वेळी सोडून घ्यावा.

ग्रामपंचायतींनाही हे लागू आहे. घंटागाडी आणि पाण्याचा टँकर यांच्या डिझेल बिलावर ग्रामपंचायत अधिकारी सही करतात, पण लॉगबुकात लिटर आणि किलोमीटर शेजारी शेजारी लिहिलेले क्वचितच दिसते. ते लिहिले तर दोन महिन्यांत कळते की कोणत्या पंपाचे डिझेल टाकल्यावर ॲव्हरेज पडते, आणि पुढच्या मासिक सभेत पंप बदलायचा ठराव करायला आकडे हाताशी राहतात.