भिंतीवरचे कुटुंब

जुन्या मराठी घराच्या माजघरात पाऊल टाकले की नजर आपोआप वर जाते. छताच्या खाली, किंचित पुढे झुकवून टांगलेली तसबिरींची एक रांग तेथे असते. काही तसबिरी देवादिकांच्या, आणि त्यांच्याच शेजारी घरातील वडीलधाऱ्या मंडळींची छायाचित्रे. आजोबा खुर्चीवर ताठ बसलेले. डोक्याला पगडी, हातात काठी. आजी बाजूस उभी. मागे रंगविलेला पडदा आणि त्यावर कुठल्याशा राजवाड्याचे खांब. घर पुण्याचे असो, इंदूरचे असो की तंजावरचे असो, हा देखावा फारसा बदलत नाही. आणि या चित्रांतून सहसा कोणी हसतही नाही.

या माणसांना हसू येत नव्हते असे मात्र नव्हे. छायाचित्र काढवून घेणे हा त्या काळी एक विधीच होता. खर्चाचा, पूर्वतयारीचा आणि काहीसा धास्तीचाही. आरंभीच्या काळात चित्र उमटावयास वेळ लागे. माणूस हलला की चेहरा पुसट होई. स्तब्ध राहणे ही प्रथम गरज होती, पुढे तिची रीत झाली. परिणाम असा झाला, की नातवंडांना आजोबांची पगडी ठाऊक असते. पण ते पान कसे जुळवीत, रागावले म्हणजे कसे पाहत, आणि गोष्ट सांगताना हात कसा हलवीत, हे त्यांना ठाऊक नसते.

हे बंधन हळूहळू सुटले. १८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने कोडॅक हा हातात धरण्याजोगा कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे, आणि ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे धाडावयाचा असे. १९२५ मध्ये जर्मनीत लायका हा लहानसा कॅमेरा विक्रीस आला. त्याच सुमारास एरिख सालोमन या जर्मन छायाचित्रकाराने परिषदांतील मुत्सद्द्यांची, त्यांना नकळत, चित्रे घेण्यास आरंभ केला. थोरामोठ्यांची जांभई आणि कुजबुज जगाने प्रथमच पाहिली. भारतातील मध्यमवर्गीय घरांत पुढे आगफा क्लिक-थ्रीसारखे साधे कॅमेरे आले. त्यांच्या एका रिळात बाराच चित्रे निघत, म्हणून प्रत्येक चित्र विचारपूर्वक घेतले जाई. आज मोबाइलमुळे ती चणचण उरलेली नाही. एका लग्नात हजार चित्रे निघतात. मात्र ती भिंतीपर्यंत क्वचितच पोहोचतात, आणि जी पोहोचतात ती बहुधा पुन्हा उभे राहून, हसा म्हटल्यावर हसून काढलेलीच असतात.

ज्याचे चित्र घेतले जात आहे त्याला त्याचे भान नाही, किंवा भान असूनही तो आपल्या उद्योगात गढलेला आहे, अशा चित्राला सहजचित्र म्हणता येईल. ते भिंतीवर येत नाही याला एक कारण आहे. औपचारिक चित्र स्वयंपूर्ण असते. त्यातील माणूस आपली ओळख स्वतःच करून देतो. सहजचित्र तसे नसते. ते चालू संभाषणातून उचललेल्या एका वाक्यासारखे असते. विळीवर भाजी चिरणाऱ्या बाईचे एकटे चित्र दिवाणखान्यात लावले, तर पाहुण्याला त्याचे प्रयोजन उमगत नाही. पण त्याच्या शेजारी दुसरे वाक्य ठेवले, तिसरे ठेवले, म्हणजे संभाषण ऐकू येऊ लागते. म्हणूनच सहजचित्रे भिंतीवर आणावयाची, तर ती अनेक चौकटींच्या एका समूहातच आणावी लागतात.

अनेक फलकांतून एक कथा सांगण्याची ही कल्पना नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. तेथे रामायण-महाभारतातील आख्यानांची चित्रे सुट्या कागदांवर रंगवितात. एका आख्यानाच्या चित्रांचा जुडगा म्हणजे एक पोथी. कथेकरी गात गात एकामागून एक चित्र श्रोत्यांपुढे धरतो. युरोपातील चर्चमध्ये मधला मोठा फलक आणि त्याला बिजागरीने जोडलेल्या बाजूच्या पाकळ्या, अशी वेदीचित्रे शतकानुशतके होत आली. गेंट येथील सुप्रसिद्ध वेदीचित्र १४३२ मध्ये पूर्ण झाले. पोथीत चित्रांचा क्रम अर्थ सांगतो. वेदीचित्रात मध्य आणि बाजू यांचे नाते अर्थ सांगते. घरातील चित्रसमूहाला या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात.

अगदी अलीकडच्या काळातील मोठे उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९५५ मध्ये भरलेले ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन. एडवर्ड स्टायकन यांनी ६८ देशांतील ५०३ छायाचित्रे निवडून जन्म, खेळ, श्रम, विवाह, मृत्यू अशा विषयांनुसार मांडली होती. कुठे एक चित्र भिंतभर, तर कुठे लहान चित्रांचा पुंजका. हे प्रदर्शन पुढे देशोदेशी फिरले, भारतातही आले. आणि आज ते लक्झेंबर्गमधील क्लेर्व्हो येथील गढीत कायमचे मांडलेले आहे. त्याची वाखाणणी झाली, तसाच त्यावर आक्षेपही आला. फ्रेंच लेखक रोलां बार्थ यांचे म्हणणे असे, की सर्व माणसे सारखीच जन्मतात आणि मरतात असे दाखविताना, कोण कोणत्या परिस्थितीत जन्मला आणि कशाने मेला, हा प्रश्नच या मांडणीने झाकून टाकला. घरातील भिंतीलाही हा आक्षेप लागू पडतो. चित्रे खरी असूनही मांडणी खोटी असू शकते.

एका कल्पित घराचे उदाहरण घ्यावे. घर ग्वाल्हेरचे, आणि प्रसंग आईच्या पंचाहत्तरीचा. मुले पाच चौकटींचा समूह करावयाचे ठरवितात. पेट्या उघडतात, जुने अल्बम निघतात, मोबाइलमधली चित्रे चाळली जातात. पाच चित्रे चटकन पसंत पडतात. पहिल्यात वडील अंगणात सायकलची साखळी बसवीत आहेत. दुसऱ्यात दोघी बहिणी एकाच पुस्तकावर ओणवल्या आहेत. तिसऱ्यात दिवाळीच्या पहाटे सारे घर ओसरीवर जमले आहे आणि एकाचेही लक्ष कॅमेऱ्याकडे नाही. चौथ्यात काका रेल्वेच्या खिडकीला डोके टेकून झोपी गेले आहेत. पाचव्यात नातू मांजरामागे धावतो आहे. मांडणी सुरेख दिसते. आणि मग कोणाच्या तरी ध्यानात येते, की जिची पंचाहत्तरी, ती आईच यांपैकी एकाही चित्रात नाही.

हा कोणाचा दुष्टावा नव्हे. चित्र काढण्याजोगा क्षण येई तेव्हा ती चुलीपाशी असे. समारंभाच्या गटात ती पाटाव नेसून उभी राहिलेली सापडेल. पण सहजचित्रांत ती नाही. असलीच तर कडेला, अर्धी कापली गेलेली. दिवाळीच्या त्या चित्राकडे पुन्हा नीट पाहिले, तर स्वयंपाकघराच्या दारातून फराळाचे ताट धरलेला एक हात आणि पदराचा काठ तेवढा दिसतो. फ्रेमवाल्याकडे देताना मुले तोच भाग अनावश्यक म्हणून कापून टाकणार होती.

बहुतेक घरांत अशी एक तरी व्यक्ती असते. कधी ती स्वयंपाकघरात असते, कधी कॅमेऱ्याच्या मागे उभी असते, कधी परगावी नोकरीवर असते. म्हणून चित्रे निवडण्यापूर्वी घरातील माणसांची नावे कागदावर लिहून काढावीत आणि प्रत्येक नावापुढे कोणते चित्र आहे ते पाहावे. ज्या नावापुढे काहीच नाही, त्याचा शोध आधी घ्यावा. मोठ्या गटाच्या चित्रांचे कोपरे, आरशातील प्रतिबिंबे, नातेवाइकांचे अल्बम, हे सारे धुंडाळावे. आणि एवढे करूनही केवळ एक हात मिळाला, तर तो हात कापू नये; त्यालाच एक स्वतंत्र चौकट द्यावी. ज्या हाताने पन्नास वर्षे घर वाढले, त्याला भिंतीवर जागा मागण्याचा अधिकार आहे.

निवड झाली की मांडणीचा विचार. पाच किंवा सात चित्रांचा समूह डोळ्याला झेपतो. त्यांतील एक चित्र मोठे असावे, म्हणजे नजरेला विसावा मिळतो. बाकीची त्याच्याशी नाते सांगणारी असावीत. चित्रातील माणूस ज्या दिशेला पाहतो, त्या दिशेला पाहणाऱ्याचीही नजर वळते. म्हणून कडेच्या चौकटींतील माणसे आतल्या बाजूस पाहणारी असावीत. ती बाहेर पाहू लागली की समूह विस्कटतो. काही चित्रे दुरून घेतलेली आणि काही जवळून घेतलेली असावीत. सगळेच चेहरे एकाच आकाराचे झाले तर भिंत ओळखपत्रांच्या फलकासारखी भासते. जुनी कृष्णधवल आणि नवी रंगीत चित्रे एकत्र येत असतील, तर रंगीत चित्रांच्या प्रती कृष्णधवल काढाव्यात, किंवा निदान सर्वांना एकच चौकट आणि एकाच रंगाचा माउंट द्यावा.

भिंतीला खिळा मारण्यापूर्वी चौकटी जमिनीवर पसरून पाहाव्यात. नंतर वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापून ते भिंतीवर चिकटवावेत आणि दोन दिवस तसेच राहू द्यावेत. चूक कागदावर सुधारते, चुन्यावर सुधारत नाही. दोन चौकटींमधील अंतर सर्वत्र सारखे, सुमारे ५ सेंटिमीटर असावे. समूहाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर आला, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला तो सरळ पडतो. जेथे मंडळी बसून असतात, तेथे तो आणखी खाली घ्यावा. मोबाइलमधील चित्र ८ × १० इंच आकारात स्वच्छ छापावयाचे, तर ते २४०० × ३००० बिंदूंचे असावे. कोणी धाडलेल्या, वाटेत आकुंचित झालेल्या प्रतीपेक्षा मूळ चित्र मागून घेणे केव्हाही चांगले.

आपल्या हवेत आणखी एक काळजी आवश्यक आहे. छायाचित्र काचेला थेट चिकटून राहिले, तर पावसाळ्यातील दमटपणाने त्याचा थर काचेला धरतो आणि सोडविताना चेहराच निघून येतो. मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट असला की चित्र आणि काच यांत अंतर राहते. हा पुठ्ठा आम्लविरहित मिळाला तर उत्तम, कारण साध्या पुठ्ठ्याने कागद कालांतराने पिवळा पडतो. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीची ओल आत शिरत नाही आणि मागून हवा खेळते. ऊन थेट पडते ती भिंत टाळावी. जुने मूळ चित्र पेटीतच जपून ठेवावे. भिंतीवर त्याची प्रत लावावी. आणि प्रत्येक चित्रामागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि वर्ष लिहावे. हे काम ज्याला सर्व ठाऊक आहे तो हयात असतानाच करावयाचे असते.

एक मर्यादाही पाळावयास हवी. सहजचित्र माणसाला नकळत घेतलेले असते, म्हणून ते भिंतीवर लावण्याआधी त्या माणसाला विचारणे उचित होय. लहानपणी रडताना टिपलेला मुलगा पंधरा वर्षांचा झाल्यावर त्या चित्राने संकोचतो. आजारपणातील चित्र कितीही हृद्य असले, तरी ते त्या माणसाचे खाजगी दुःख असते. ज्यांना विचारता येत नाही, त्या दिवंगतांच्या बाबतीत तर अधिकच तारतम्य हवे.

दिवंगतांविषयी आपल्या घरांतून एक जुना संकेत आहे. गेलेल्या माणसाचे चित्र वेगळे लावावयाचे, त्याला हार घालावयाचा, जिवंत माणसांच्या चित्रांत ते मिसळावयाचे नाही. या संकेतामागील आदर खरा आहे आणि तो मोडण्याचे कारण नाही. परंतु हार घातलेल्या चित्रातून तो माणूस गेला एवढेच कळते. तो कसा होता ते कळत नाही. त्यासाठी, जेथे घरच्यांच्या मनाला ते रुचत असेल तेथे, सायकलची साखळी बसविणारे वडील दिवाळीच्या ओसरीशेजारीच असावेत.

ग्वाल्हेरच्या त्या कल्पित घरात आता सहा चौकटी होतात. सहावी सर्वांत लहान. तिच्यात दार, ताट आणि हात. समूह किंचित विषम दिसतो, म्हणून ती मुद्दाम खालच्या ओळीत, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावलेली असते. मोठी माणसे मधल्या चित्राकडे पाहून पुढे जातात. धाकटा नातू मात्र त्या लहान चौकटीपाशी थांबतो आणि हा हात कोणाचा म्हणून विचारतो. उत्तर देण्यासाठी पंचाहत्तर वर्षांची आजी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येते.