गाडीखाली अर्धा तास

गणपतीच्या जेवणानंतर पुरुषमंडळींचा घोळका जमला की विषय गाड्यांवर येतोच. मायलेज, इन्शुरन्स, हायब्रीड घ्यावी की सरळ इलेक्ट्रिक. त्यात आम्ही ऑइल घरीच बदलतो असं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पण वाचतात किती?" खरं सांगायचं तर फारसे नाहीत. सिंथेटिक ऑइल आणि फिल्टर यांचे पैसे आपल्यालाही मोजावेच लागतात, आणि जॅक, स्टँड, पाने यांचा खर्च धरला तर पहिल्या वर्षी तोटाच. मग हा उद्योग कशाला? तर त्या निमित्ताने गाडीखाली शिरायला मिळतं म्हणून.

आम्ही ओहायोत राहतो. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं आणि ते गाडीचं पोट हळूहळू खातं. वरून गाडी चकचकीत, खाली गंज. ब्रेकचं तेल चाकांपर्यंत नेणाऱ्या पोलादी नळ्या बहुतेक गाड्यांत खालूनच जातात. तीन वर्षांपूर्वी जुनं ऑइल निथळत असताना आम्ही सहज टॉर्च फिरवला, तर मागच्या चाकाकडे जाणारी एक नळी ओलसर दिसली. पेडल अजून घट्ट होतं, दिवाही लागलेला नव्हता. त्याच गाडीवर आमची मुलगी तेव्हा ड्रायव्हिंग शिकत होती. हल्लीच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग असतात, त्यामुळे एक नळी फुटली तरी सगळे ब्रेक जात नाहीत. पण पेडल खाली जातं आणि गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. शिकाऊ ड्रायव्हरने अशा वेळी काय केलं असतं, याचा विचार आम्ही फार वेळ केला नाही. गाडी टो करून गराजला पाठवली. ब्रेकचं काम घरी करायचं नाही, हा आमचा नियम आहे.

तेव्हा वाचकहो, जरूर शिरा, पण आधी गाडी नीट उभी करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, मग डोकं दूरच. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नाही. त्याचं सील गेलं की तो खाली बसतो. सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर मुळीच नकोत, ते न सांगता तडकतात. जागा सपाट आणि काँक्रीटची हवी. उन्हात तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा आणि गाडी दोन स्टँडवर उतरवा. मग तिला बाजूने चांगला धक्का द्या. हलायची असेल तर आपण बाहेर असतानाच हलू दे. स्टँडवरही आंधळा विश्वास नको. २०२० साली इथल्या एका दुकानसाखळीला लाखोंनी विकलेले स्टँड परत बोलवावे लागले, कारण आतली खीळ दात्यांत नीट बसत नव्हती. म्हणून आम्ही एक सुटं चाकही गाडीखाली सरकवून ठेवतो. आणि आत जाण्यापूर्वी घरात सांगून जातो. सौ. हसते, पण दर दहा मिनिटांनी खिडकीतून डोकावते.

हे जमलं की ऑइलचं काम सोपं. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. तेल कोमट झालं की नीट वाहतं, पण कढत नको. खाली पसरट टोपलं ठेवून ड्रेन प्लग सोडा. तेल निथळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात टॉर्च घेऊन फेरी मारायची: ॲक्सलचे रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का, सायलेन्सर लोंबतोय का, टायर आतल्या कडेने झिजलेत का, ब्रेकच्या नळ्या कोरड्या आहेत का. फाटलेला बूट वेळीच दिसला तर काम थोडक्यात भागण्याची आशा असते. पाणी आणि वाळू आत गेली की सांधाच जातो.

नवीन फिल्टर लावण्याआधी जुन्याची रबरी कडी इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते बोटाने चाचपा. दोन कड्या एकावर एक बसल्या तर इंजिन सुरू करताच सगळं तेल ड्राइव्हवेवर. नव्या कडीला तेलाचं बोट लावून फिल्टर हातानेच घट्ट करा. प्लगला नवा वॉशर घाला आणि पाना दाखवून पैलवानकी करू नका. ऑइल पॅन ॲल्युमिनियमचं असेल तर आटे सहज जातात. ०डब्ल्यू-२० की ५डब्ल्यू-३०, आणि किती क्वार्ट, हे मॅन्युअल सांगेल, शेजारी नव्हे. नरसाळ्याने तेल ओता, अर्धं मिनिट इंजिन चालवून गळती बघा, मग गाडी खाली उतरवून, थोडं थांबून डिपस्टिक पाहा. दर ३,००० मैलांचा जुना हिशेब आता बहुतेक गाड्यांना लागू नाही. सिंथेटिकवर अनेक कंपन्या ५,००० ते १०,००० सांगतात.

घरी ऑइल बदललं तर वॉरंटी जाते ही भीती आपल्याकडे फार. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे, फुकट करून देत नसेल तर, 'आमच्याकडेच करा' अशी अट कंपनीला वॉरंटीसाठी घालता येत नाही. मात्र पावत्या जपा आणि तारीख, मैल वहीत लिहा. जुनं तेल कॅनमध्ये भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात द्या, बरीच दुकानं फुकट घेतात. गटारात ओतलेलं तेल शेवटी नदीत, तळ्यातच जातं.

ज्यांनी इलेक्ट्रिक घेतली आहे त्यांना इंजिन ऑइलची कटकट नाही. पण ब्रेकच्या नळ्या, बूट आणि मीठ त्यांच्याही वाट्याला आहेतच. फक्त त्या गाड्यांच्या पोटात बॅटरी असते, म्हणून जॅक कुठे लावायचा ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.