आईसाठी निवास शोधताना

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसाठीचे एखादे निवासी केंद्र पाहायला गेलो, की आधी आपल्याला कार्यालयात बसवतात, चहा देतात आणि मग सगळी इमारत फिरवून दाखवतात. 2022 साली आम्ही भावंडे आईसाठी अशी जागा शोधत होतो. एका ठिकाणी पायरीपासून खोलीपर्यंत काळ्या ग्रॅनाइटची आरशासारखी फरशी होती. दाराशी गडद तपकिरी पायपुसणे, भिंती पांढऱ्या, संडास-बाथरूमही पांढरेशुभ्र. दादा म्हणाला, "हॉस्पिटलपेक्षा स्वच्छ आहे गं." मलाही तसेच वाटले. त्याच आठवड्यात आम्ही पैसे भरले.

आई तेथे तीन आठवडे राहिली. खोलीच्या दाराबाहेर पाऊल टाकायला ती तयार नसे. संडास शेजारीच असूनही कपडे ओले होत. संध्याकाळी आरडाओरडा होई, आणि शेवटच्या आठवड्यात तर ती दिवसभर झोपूनच असे. निवड कोठे चुकली हे समजून घेण्यासाठी नंतर मी बरेच वाचन केले. माझे संशोधनाचे क्षेत्र वनस्पतींचे, मेंदूचे नव्हे. पण एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. जागेची पाहणी आपण आपल्या मेंदूने करतो, राहायचे मात्र त्या माणसाला त्याच्या मेंदूने असते. म्हणून जागा पाहण्याआधी त्या मेंदूत काय घडते ते पाहू.

स्मृतिभ्रंश हा एकच आजार नाही. निरनिराळ्या आजारांतून उद्भवणारी ती अवस्था आहे, आणि त्यांपैकी सर्वांत जास्त आढळणारा आजार म्हणजे अल्झायमर. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे 1901 साली आलॉइस अल्झायमर यांनी आउगुस्ट नावाच्या 51 वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. 1906 साली तिच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा चेतापेशींच्या बाहेर प्रथिनांचे साठे आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते दिसले. हे गुंते मेंदूभर एकदम पसरत नाहीत. हायको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने 1991 साली दाखवून दिले, की ते ठरावीक क्रमाने पुढे सरकतात. सुरुवात कानशिलाच्या आतल्या बाजूच्या भागात, मग त्याला लागून असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि शेवटी मेंदूच्या बाह्यकात सर्वत्र. आपल्याला उपयोगी पडतो तो हा क्रमच. काय आधी जाते आणि काय उशिरापर्यंत उरते, हे त्यावरून समजते.

भारतात 60 वर्षांवरील शंभर माणसांपैकी सातांहून थोड्या अधिकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीतून निघाला. म्हणजे सुमारे 88 लाख माणसे. प्रत्येक शिक्षक-खोलीत कोणाच्या तरी घरी हा प्रश्न आहेच, असे समजायला हरकत नाही. मात्र जागा शोधायला निघण्यापूर्वी एक गोष्ट करावी. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी माणसांत ती आपल्याकडे बरीच आढळते), थायरॉइडचे कमी काम, पडल्यामुळे कवटीत साचलेले रक्त आणि खोल नैराश्य यांतूनही विस्मरण होते, आणि या गोष्टींवर उपचार आहेत. या तपासण्या झालेल्या नसतील तर त्या आधी कराव्यात.

आता हिप्पोकॅम्पसकडे वळू. अमेरिकेतील हेन्री मोलेसन या तरुणावर 1953 साली अपस्मार थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढून टाकण्यात आला. त्यानंतर त्यांना नवीन काहीच आठवेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायला सांगितले. (विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग वर्गात करून घ्यावा, पहिल्या खेपेला सगळ्यांचीच फजिती होते.) तीन दिवसांत मोलेसन यांचा हात चांगला बसला. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्यांना दर दिवशी नव्यानेच ऐकायला मिळे. याचा अर्थ, 'काय घडले' याची स्मृती वेगळी आणि 'कसे करायचे' याची स्मृती वेगळी. दुसऱ्या प्रकारची स्मृती मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींवर आणि लहान मेंदूवर अवलंबून असते, आणि अल्झायमरमध्ये हे भाग बराच काळ तग धरतात.

आईला सकाळी काय खाल्ले ते सांगता येत नसे, पण कापूस हातात दिला तर ती वाती वळत असे, एकसारख्या. म्हणून 'तुमच्याकडे दिवसभर काय चालते?' या प्रश्नाच्या उत्तरात टीव्ही, भजनाची कॅसेट आणि आठवड्यातून एकदा येणारे योगशिक्षक एवढेच ऐकू आले, तर समाधान मानू नये. मेथी निवडणे, शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे तेथे राहणाऱ्यांच्या हातात दिली जातात की नाही, ते पाहावे. काही व्यवस्थापक अभिमानाने सांगतात, "आम्ही त्यांना काडीचंही काम करू देत नाही." त्यांचा हेतू चांगला असतो, पण उरलेली एकमेव क्षमता ते काढून घेत असतात.

दुसरी उरणारी गोष्ट भावना. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात 2014 साली अल्झायमरच्या 17 रुग्णांना आधी दुःखद आणि नंतर आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. पाच-दहा मिनिटांतच त्यांना आपण काय पाहिले ते सांगता येईना. पण दुःख किंवा आनंद त्यांच्या मनात टिकून राहिला होता. कारण गेले, परिणाम राहिला. एखादी सेविका सकाळी खेकसली तर दुपारी आजींना ते आठवणार नाही, पण त्या सेविकेला पाहून त्या अंग चोरतील. त्यामुळे सेविका काय बोलतात यापेक्षा त्या खोलीत आल्यावर तेथील माणसांचे चेहरे कसे होतात, हे पाहणे मला जास्त भरवशाचे वाटते. भिंतीवरची प्रमाणपत्रे त्यानंतर वाचावीत.

फरशीचा प्रश्न दृष्टीचा आहे. या आजारात डोळा शाबूत असला तरी मेंदूचा दृश्य अर्थ लावणारा भाग बिघडतो. विशेषतः कमी-अधिक गडदपणातील फरक आणि खोली यांचा अंदाज चुकतो. चकचकीत फरशी ओली वाटते किंवा पाण्यासारखी दिसते. गडद पायपुसणे म्हणजे खड्डा. आई दाराबाहेर का येत नव्हती, ते यावरून आम्हाला कळले. पांढऱ्या फरशीवरचा पांढरा कमोड तिला दिसतच नव्हता. बॉस्टनमधील संशोधकांनी 2004 साली अल्झायमर बळावलेल्या नऊ जणांना पांढऱ्याऐवजी गडद लाल भांड्यांत जेवण दिले, तेव्हा त्यांचे खाणे सुमारे 25 टक्क्यांनी आणि पिणे 84 टक्क्यांनी वाढले. प्रयोग लहान आहे, पण पांढऱ्या मेलामाइनच्या ताटात दहीभात वाढलेला असेल तर त्यात काय दिसणार, याचा विचार करावा. तेव्हा फरशी मंद आणि एका रंगाची असावी, संडासाचे दार वेगळ्या रंगाचे असावे आणि शक्य तर पलंगावरून ते दिसावे.

प्रकाशाचेही तसेच. मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. आपले दिवस-रात्रीचे घड्याळ तो चालवतो. या आजारात तो क्षीण होतो, आणि कातरवेळी अनेकांची घालमेल सुरू होते: "मला घरी सोडा", "मुलं शाळेतून यायची झाली". नेदरलँड्समधील 12 निवासांत 189 जणांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिवसभर दिवाणखान्यात सुमारे 1000 लक्स प्रकाश ठेवला. नेहमीच्या सुमारे 300 लक्सच्या तुलनेत तेथे नैराश्याची लक्षणे 19 टक्क्यांनी कमी झाली आणि बुद्धीची घसरणही किंचित मंदावली. आपल्याकडे व्हरांड्यातल्या सावलीतही 1000 लक्सहून बराच अधिक प्रकाश फुकट मिळतो. मोबाइलमधील प्रकाशमापकाने तो अंदाजे मोजता येतो. एवढे असून अनेक केंद्रांत माणसे दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत असतात, कारण गेटबाहेर जाण्याची भीती. कुंपण घातलेले अंगण असेल तर ही भीती उरत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा पाहणी करताना आम्ही सकाळी अकराची ठरलेली वेळ घेतली नाही. न कळवता संध्याकाळी साडेपाचला गेलो. काही ठिकाणी आत घेतले नाही. तेही एक उत्तरच होते.

आता औषधांविषयी. आई दिवसभर झोपते, ही सुधारणा आहे असे आम्हाला पहिल्या ठिकाणी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तिला झोप आणणारे, मनोविकारांवरचे एक औषध सुरू केले होते आणि आम्हाला विचारले नव्हते. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापीन ही या गटातली नावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2005 साली इशारा दिला, की स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना या गटातील नवी औषधे दिल्यास मृत्यूचे प्रमाण वाढते. सुमारे दहा आठवड्यांच्या चाचण्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ते 2.6 टक्के, तर औषध घेणाऱ्यांत 4.5 टक्के होते. 2008 साली हाच इशारा जुन्या औषधांनाही लागू केला. ही औषधे कधीच देऊ नयेत असे नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला तर ती लागतात. पण कोणते डॉक्टर लिहून देतात, घरच्यांना आधी सांगतात का, आणि बंद करायचा विचार किती आठवड्यांनी होतो, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. आणखी एक. एखाद-दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ हा बहुधा मूळ आजार नसतो. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणे अशी कारणे असतात. तेथील परिचारिकेला हे ठाऊक आहे का, ते बोलण्यातून सहज कळते.

रात्री दोन वाजता किती जण जागे असतात, हेही विचारावे. दिवसाच्या संख्येवर भुलू नये. माणूस पुढे अंथरुणाला खिळला किंवा आक्रमक झाला तर केंद्र त्याला ठेवून घेते की घरी पाठवते, हे करारात वाचावे. अनामत रकमेचे कलम त्याच पानावर असते. खर्चाबद्दल एवढेच सांगते, की आईच्या निवृत्तिवेतनात आमचे भागले नाही.

भाषेचा मुद्दा आम्ही जवळजवळ विसरलो होतो. नंतर शिकलेल्या भाषा बहुधा आधी गळतात आणि लहानपणची बोली मागे राहते. आईचे बालपण खानदेशातले. चाळीस वर्षे तिने शाळेत प्रमाण मराठी शिकवले, पण आता रागाने बोलते ती अहिराणीत. पहिल्या ठिकाणच्या सेविका कष्टाळू होत्या, पण त्यांना धड मराठीही येत नव्हते. आईला काय दुखते, हे त्यांना कोठून समजणार?

नेदरलँड्समध्ये वेस्प या गावी 2009 साली 'होगेवेक' नावाची वस्ती उभी राहिली. तेथे सहा-सात जणांचे एकेक घर आहे, प्रत्येक घरात स्वयंपाकघर आहे, आणि सगळ्यांना मोकळेपणी हिंडता येईल असे आवार आहे. हे वाचून 'आपल्या वाड्यांत हे होतेच की' असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या वाड्यात रात्री जागणारी व्यक्ती बहुधा सून असे. आमच्याकडे चार वर्षे वहिनी जागली. तिची कंबर गेली, नोकरी सुटली, आणि तरीही "आईला आश्रमात टाकलं" हे वाक्य नातेवाइकांनी ऐकवले ते तिलाच.

दुसरे ठिकाण आम्हाला सापडले ते जुने, बैठे घर आहे. भिंतींचा रंग उडालेला. फरशी शहाबादी, खडबडीत. जेवणघरात दोन आजी लसूण सोलत होत्या. एका आजोबांनी सेविकेच्या हाताला धरून अंगणाला चौथी फेरी मारली आणि कोणी त्यांना बसवले नाही. आईच्या खोलीत तिची जुनी गोधडी आणि वडिलांचा फोटो ठेवला. तिच्याबद्दल एक पान लिहून दिले: चहात साखर दीड चमचा, डाव्या कानाने कमी ऐकू येते, अनोळखी माणसाने 'आजी' म्हटलेले चालत नाही, 'बाई' म्हणावे. पहिला महिना तरीही कठीण गेला. एकदा ती पडली. हाड मोडले नाही.

आम्ही आता दुपारी चारला जातो आणि निघायला जेवणाची वेळ धरतो. निरोप घेतला तर ती व्याकूळ होते, आणि मी आले होते हे विसरल्यावरही ती व्याकुळता मागे राहते. साडेसहाला ताट समोर आले, की तिचे लक्ष तिकडे जाते. सेविका "बाई, भाकरी कुस्करू का?" असे विचारते, आणि मी जेवणघराच्या मागच्या दाराने बाहेर पडते.