पचमढी : शांत गाव, ओळखीची वाट

लाँग वीकेंड जवळ आला की भोपाळच्या आपल्या घरांत एकच चर्चा सुरू होते, जायचं कुठे? लॅपटॉप, मीटिंगा आणि ट्रॅफिक यांना कंटाळलेल्या आमच्या पिढीचं ठरलेलं उत्तर म्हणजे पचमढी. सोनागिरीतून सकाळी सहाला निघालं की ओबेदुल्लागंज, नर्मदापुरम, सोहागपूर, पिपरिया असं करत जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचता येतं. अंतर साधारण २०० किलोमीटर. रेल्वेने जायचं असेल तर जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीने पिपरियाला उतरायचं आणि पुढे बस किंवा टॅक्सी घ्यायची. मटकुलीनंतर घाट लागतो, साल आणि सागाची झाडं दाट होतात आणि गाडीतला एसी आपोआप बंद होतो.

गाव छोटंसं आहे आणि बरंचसं लष्कराच्या छावणीचं आहे. रुंद, स्वच्छ रस्ते, उतरत्या छपरांचे जुने बंगले, मोठी आवारं. १८७५ सालचं क्राइस्ट चर्च आणि १८९२ सालचं कॅथलिक चर्च आवर्जून पाहा. क्राइस्ट चर्चच्या रंगीत काचांतून दुपारचं ऊन आत येतं, तेव्हा मुलंसुद्धा गप्प होतात. कॅप्टन जेम्स फॉरसिथने १८६२ साली बांधलेलं बायसन लॉज आज वनखात्याचं संग्रहालय आहे.

गाइड सांगतो की फॉरसिथने पचमढी 'शोधली'. इथे जरा थांबू या. गोंड आणि कोरकू लोक या डोंगरांत कितीतरी आधीपासून राहत होते. आपल्या मेळघाटातले कोरकू तेच. १८७१ साली छापलेल्या फॉरसिथच्या स्वतःच्या पुस्तकातही महादेवाच्या जत्रेचं वर्णन आहे. म्हणजे साहेब आला तेव्हा वाट मळलेली होती, आणि ती मळणाऱ्यांत आपली माणसंही होती.

विदर्भातल्या कुणाही आजीला विचारा, ती 'पचमढी' म्हणणार नाही, 'महादेव' म्हणेल. महाशिवरात्रीला विदर्भातून भाविकांचे जथे येतात. त्यांना तिकडे 'पोहा' म्हणतात. खांद्यावर त्रिशूळ घेऊन ते चौरागडाच्या बाराशेहून अधिक पायऱ्या चढतात. वर वाहिलेल्या त्रिशुळांचे ढीगच्या ढीग दिसतात. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा असते. हा रस्ता व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो, म्हणून वर्षातले ते थोडे दिवसच खुला असतो.

दुसरं नातं नागपूरचं. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा उन्हाळ्यात सरकार पचमढीला हलत असे. साहेबांबरोबर फायली येत आणि फायलींबरोबर नागपूरचे कारकूनही. आज आपण ज्या बंगल्यांपुढे सेल्फी काढतो, तिथल्या कामकाजात मराठी माणसाचा हात होता.

गेल्या श्रावणात पिपरियाच्या बसस्टँडवर नागद्वारीला निघालेली मंडळी भेटली. माझ्या मुलीला मराठीत बोलताना ऐकून एका आजींनी विचारलं, "कुठचे हो तुम्ही?"

"भोपाळचे," मी म्हटलं.

"अन् पोरगी मराठी बोलते?" त्यांनी तिच्या हातावर चार शेंगदाणे ठेवले. "आमच्या महादेवाले ये वं माय."

भोपाळमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांना 'गाव' म्हणजे सुट्टीतलं पुणे किंवा नागपूर एवढंच वाटतं. इथे मध्य प्रदेशातच, पाच तासांवर, आपल्या भाषेची जुनी पायवाट आहे, हे तिला त्या शेंगदाण्यांनी कळलं. माझ्या सांगण्याने कळलं नसतं.

म्हणून पुढच्या वेळी बेत थोडा बदला. पहिल्या दिवशी चर्च, बायसन लॉज आणि संध्याकाळी धूपगड. सुमारे १३५० मीटर उंचीचं हे सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर, सूर्यास्तासाठी प्रसिद्ध. दुसऱ्या दिवशी पहाटे चौरागड चढा, उतरल्यावर जटाशंकर पाहा. बी फॉल आणि अप्सरा विहार तिसऱ्या दिवशी. जंगलातल्या ठिकाणांसाठी वनखात्याचा परवाना आणि जिप्सी लागते, ती सकाळीच ठरवा. शांतता हवी असेल तर यात्रेचे दिवस टाळा. मुलांना आपली माणसं भेटवायची असतील तर मुद्दाम त्याच दिवसांत जा.

एक विनंती. चहूबाजूंना अभयारण्य असल्यामुळे इथे बांधकामावर कडक बंधनं आहेत, म्हणूनच हे गाव अजून शांत आहे. ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा, प्लास्टिक परत आणा. आणि त्रिशूळ घेतलेलं कुणी वाटेत भेटलं तर मराठीत विचारा, "कुठून आलात?" ओळख निघायला वेळ लागत नाही.