ठोकळ्यांच्या प्रतिकृती आणि दिवाळीचा किल्ला : दोन हौशी रचनापरंपरांचा तौलनिक विचार

गोषवारा : लेगोसारख्या खेळण्यातील ठोकळ्यांपासून हौशी रचनाकार स्वतःच्या कल्पनेने प्रतिकृती उभारतात व त्या सार्वजनिक मेळाव्यांत मांडतात. प्रस्तुत लेखात या छंदाची ओळख करून देऊन महाराष्ट्रातील दिवाळीच्या किल्ल्याशी त्याची तुलना केली आहे. दोन्ही परंपरांत शिक्षणाचे मर्म एकच आहे. ते म्हणजे मूळ वास्तूतील काय ठेवावे आणि काय गाळावे याचा निर्णय रचनाकाराने स्वतः घेणे. शीळफाटा परिसरासारख्या झपाट्याने नागरी होत असलेल्या भागात हा निर्णय मुलांच्या हातून निसटू नये, यासाठी महाविद्यालयांना काय करता येईल याचाही विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : ठोकळे, प्रतिकृती, दिवाळीचा किल्ला, प्रमाण, हौशी मेळावे.

1. प्रस्तावना

मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कल्याण-शीळ रस्ता जेथे एकत्र येतात, ते ठिकाण म्हणजे शीळफाटा. एकेकाळी भातशेती आणि लहान गावे असलेल्या या पट्ट्यात गेल्या दोन दशकांत पलावासारख्या नियोजित वसाहती उभ्या राहिल्या. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा 21 किलोमीटरचा बोगदाही येथेच संपतो.

वसाहत बदलली की मुलांच्या खेळाची जागाही बदलते. दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किंवा चाळीच्या कडेला किल्ला करण्यासाठी माती, दगड आणि चार-सहा हात मोकळी जमीन लागते. ज्या संकुलांत पायाखाली वाहनतळाचे छत आहे, तेथे माती पिशवीतून विकत आणावी लागते. उलट त्याच घरांतील कपाटांत प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे डबे सहज आढळतात. म्हणून या दोन रचनाप्रकारांकडे एकत्रितपणे पाहणे उपयुक्त ठरेल.

2. ठोकळ्याची रचना

ओले कर्क ख्रिस्तियानसेन या सुताराने 1932 मध्ये डेन्मार्कमधील बिलुंड येथे लाकडी वस्तू व खेळणी बनविण्यास सुरुवात केली. 'छान खेळा' अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून त्याच्या उद्योगाला लेगो हे नाव मिळाले. आज परिचित असलेल्या ठोकळ्याचे एकस्व 28 जानेवारी 1958 रोजी मागण्यात आले. ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठावर गोल उंचवटे आणि आतल्या बाजूस पोकळ नळ्या असतात. वरच्या ठोकळ्याच्या नळ्या व कडा खालच्या ठोकळ्याचे उंचवटे घट्ट धरून ठेवतात. ही पकड मूल सहज सोडवू शकेल इतकी सैल आणि रचना उभी राहील इतकी पक्की असते.

दोन उंचवट्यांच्या केंद्रांतील अंतर 8 मिलिमीटर व ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर असते. ही मापे कायम राखल्यामुळे 1958 मधील ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. या एकाच नियमातून निर्माण होणारी विविधता थक्क करणारी आहे. आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे 24 प्रकारे जोडता येतात, तीन ठोकळे 1,060 प्रकारे, तर सहा ठोकळे 91,51,03,765 प्रकारे. शेवटची संख्या डॅनिश गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने निश्चित केली. तत्पूर्वी सांगितली जाणारी संख्या याहून बरीच लहान होती, कारण तीत केवळ एकावर एक चढत जाणाऱ्या सहा थरांचे मनोरेच मोजले होते.

3. स्वरचित प्रतिकृती आणि मेळावे

खोक्यासोबत आलेल्या सूचनापुस्तिकेबरहुकूम जोडणी करणे हा छंदाचा प्राथमिक टप्पा होय. हौशी मंडळींच्या लेखी खरा मान असतो तो स्वरचित प्रतिकृतीला, म्हणजे सूचनापुस्तिकेविना स्वतः योजलेल्या रचनेला. लहानपणी खेळ सुटल्यापासून प्रौढपणी पुन्हा हाती येईपर्यंतच्या काळाला ही मंडळी विनोदाने 'अंधारयुग' म्हणतात. या विनोदातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. या छंदात प्रौढ रचनाकार परत येतो, आणि त्याच्याबरोबर अभियांत्रिकीचे ज्ञान, मोजमापाची शिस्त व नोंदी ठेवण्याची सवयही येते.

1995 मध्ये जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने ठोकळ्यांच्या रचना संगणकावर रेखाटण्याची एल-ड्रॉ ही प्रणाली तयार केली. त्यामुळे मोडून टाकलेली रचनाही आराखड्याच्या रूपाने जतन करणे शक्य झाले. 2000 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ब्रिकफेस्ट आणि 2002 मध्ये सिअ‍ॅटल येथे ब्रिककॉन असे मेळावे सुरू झाले. पुढे उद्योगानेही या सर्जनशीलतेची दखल घेतली. लेगो आयडियाज या उपक्रमात हौशी रचनाकाराच्या कल्पनेला 10,000 जणांचा पाठिंबा मिळाल्यास कंपनी तिचा उत्पादनासाठी विचार करते.

मेळाव्यांतील सहकार्य कसे चालते हे समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. या मेळाव्यांत लहान चेंडू पुढे-पुढे वाहून नेणारी एक लांबच लांब यंत्रमालिका मांडली जाते. तिचा प्रत्येक भाग वेगळ्या व्यक्तीने घरी तयार केलेला असतो. चेंडू कोठे स्वीकारायचे, कोठे सोडायचे आणि सरासरी सेकंदाला एक या वेगाने ते कसे पुढे द्यायचे, एवढेच नियम समान असतात. मधली यंत्रणा प्रत्येकाची स्वतंत्र. नियम मोजकेच असल्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेल्या व्यक्तींचे काम एका मेजावर जुळून येते.

4. दिवाळीचा किल्ला

आपल्याकडे याच स्वरूपाची परंपरा घरोघरी आहे. पुणे, ठाणे, कल्याण, डोंबिवली येथपासून बेळगावपर्यंत दिवाळीत मुले किल्ले उभारतात आणि मंडळे व संस्था त्यांच्या स्पर्धा भरवितात. दगड-विटांचा ढीग रचून त्यावर चिखलात भिजविलेले गोणपाट पसरायचे, हाताने कडे व माच्या घडवायच्या, हळीव किंवा मोहरी पेरून चार-सहा दिवसांत हिरवळ आणायची, बुरूज व दरवाजे करायचे आणि शेवटी शिवाजी महाराज व मावळ्यांच्या मूर्ती मांडायच्या, ही तिची सर्वपरिचित रीत. सूचनापुस्तिका येथे नसतेच. मोठ्या मुलांच्या हाताखाली लहान मुले शिकतात.

या परंपरेला सध्या अनुकूल पार्श्वभूमीही लाभली आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने 12 किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी रायगड, राजगड, सिंधुदुर्ग, साल्हेर आदी 11 महाराष्ट्रातील, तर जिंजी हा तामिळनाडूतील आहे.

5. प्रमाणाचा प्रश्न

किल्ला करणाऱ्या प्रत्येक मुलापुढे नकळत प्रमाणाचा प्रश्न उभा राहतो. मावळ्याची मूर्ती 8 सेंटिमीटर उंच धरली, तर माणूस सुमारे विसाव्या हिश्शाने दाखविला आहे असे होते. त्याच प्रमाणात समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंच असलेला रायगड दाखवायचा, तर 41 मीटरचा डोंगर रचावा लागेल. म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यात माणसांचे एक आणि डोंगराचे दुसरे अशी दोन प्रमाणे एकत्र नांदतात. ही तडजोड अपरिहार्य आहे. ती जाणीवपूर्वक केली की तिचे शिक्षण होते.

ठोकळ्यांचा रचनाकारही याच पेचात सापडतो. ठोकळ्यांच्या संचातील बाहुली सुमारे 4 सेंटिमीटरची असते. तिच्या मापाने मोठ्या वास्तू आवाक्यात येत नाहीत, म्हणून बाहुली वगळून सूक्ष्म प्रमाण स्वीकारले जाते. 2008 मध्ये कंपनीने काढलेल्या ताजमहालाच्या संचात 5,922 तुकडे होते, तरीही वास्तू मूळच्या सुमारे पावणेदोनशे पटींनी लहान होती.

समजा, 1:1000 हे प्रमाण घेतले. रायगड 82 सेंटिमीटरचा होईल व ठोकळ्यांचे सुमारे 85 थर लागतील. एक चौरस मीटर पायावर आठ उंचवट्यांच्या ठोकळ्यांचा एक थर भरण्यास सुमारे 1,950 ठोकळे लागतात. डोंगर वर निमुळता धरला तरी भरीव रचनेस सुमारे 55,000 ठोकळे खर्ची पडतील. म्हणून अनुभवी रचनाकार आत आधाराचा सांगाडा उभारून वर केवळ कवच चढवितो. दगडांवर गोणपाट पसरणारी आपली मुले नेमके हेच करीत असतात.

6. दोन परंपरांचे बलाबल

ठोकळ्यांचे बळ नेमकेपणात आणि पुनर्वापरात आहे. चूक झाली तर तेवढाच भाग सोडवून पुन्हा जोडता येतो, मोजता येतो, नोंदविता येतो. मात्र ते महाग आहेत. खेळण्यांवरील आयातशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के करण्यात आले. शिवाय ठोकळ्याची काटकोनी जात सह्याद्रीच्या कातळकड्यांना सहजी मानवत नाही.

मातीचे बळ तिच्या सर्वसुलभतेत आहे. ती फुकट किंवा अल्प खर्चात मिळते व हवा तो आकार घेते. परंतु दिवाळी संपताच किल्ला मोडतो आणि त्याबरोबर त्यातील ज्ञानही विरते. यंदा एखाद्या मुलीने गोमुखी दरवाजा नीट साधला, म्हणजे दोन बुरुजांच्या आड वळणाची वाट घेऊन तो समोरून दिसणार नाही असा केला, तरी पुढच्या वर्षीच्या मुलांपर्यंत ती युक्ती पोहोचेलच असे नाही. दहावीनंतर मुले किल्ला सोडतात. आपल्याकडेही 'अंधारयुग' आहे, पण त्यातून परतण्याची वाट आखलेली नाही.

त्यातच आता बाजारात तयार किल्ले मिळतात. जागेची व वेळेची अडचण असलेल्या कुटुंबांना त्यांचा आधार वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तथापि तयार किल्ला मांडणाऱ्या मुलाला, राजगडाच्या तीन माच्या एकमेकींपासून कोणत्या दिशांना पसरतात, हा प्रश्न पडण्याची वेळच येत नाही. खऱ्या अर्थाने गमावले जाते ते हे.

7. महाविद्यालयांना काय करता येईल

इतिहास, भूगोल व गणित या विभागांनी एकत्र येऊन पुढील उपक्रम हाती घेता येतील.

पहिला, समान नियमांचे प्रदर्शन. यंत्रमालिकेच्या धर्तीवर सर्व गटांनी 1:1000 हे एकच प्रमाण व उत्तर दिशेची एकच खूण पाळावी. माध्यम माती, पुठ्ठा वा ठोकळे यांपैकी कोणतेही असावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशांत समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः 20 मीटर असते. वरील प्रमाणात ठोकळ्यांचे दोन थर 19.2 मीटर दर्शवितात. म्हणजे एक समोच्च रेषा म्हणजे दोन थर, असा सोपा हिशेब विद्यार्थ्याला हाती मिळतो.

दुसरा, परिसरातील दुर्गांची निवड. कल्याण-शीळ रस्त्यावरून दिसणारा मलंगगड पीरमाची, सोनमाची व बालेकिल्ला अशा तीन टप्प्यांत उभा आहे आणि प्रतिकृतीसाठी तो उत्तम विषय ठरतो. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतल्यानंतर ज्याच्या परिसरात आरमाराची उभारणी सुरू झाली, त्या खाडीकाठच्या दुर्गाडीचे अवशेष आज थोडेच उरले आहेत. त्यामुळे तेथे मोजणी, जुनी वर्णने आणि अनुमान यांत फरक कसा करावा, हेही शिकविता येईल.

तिसरा, नोंदवही. प्रत्येक गटाने आराखडा, चार बाजूंची छायाचित्रे आणि 'आम्ही काय गाळले व का' याची एक पानभर नोंद द्यावी. ती ग्रंथालयात जपावी आणि पुढच्या वर्षीच्या गटांना वाचावयास द्यावी. परीक्षणातही सजावटीइतकेच गुण या पानाला असावेत. यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

8. समारोप

हौशी प्रतिकृतीचे मूल्य साहित्याच्या किमतीवर ठरत नाही. सूचनेविना घेतलेले निर्णय, साहित्याचा प्रतिकार आणि पाहणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे खेळाचे रूपांतर अभ्यासात होते. ठोकळ्यांच्या छंदाने या तिन्हींची व्यवस्था लावली आणि नोंदींच्या बळावर ती टिकविली. दिवाळीच्या किल्ल्यात या तिन्ही गोष्टी आहेत, उणीव आहे ती नोंदीची आणि प्रौढ वयात परतण्याच्या वाटेची. शीळफाटा, डोंबिवली, कल्याण परिसरातील महाविद्यालयांनी येत्या दिवाळीपूर्वी किमान एका विभागाच्या पुढाकाराने अशी नोंदवही सुरू केली, तर ही उणीव भरून काढण्यास आरंभ होईल.