जुन्या नोटांचे मोल

पैसा हा देण्याघेण्यासाठी असतो, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या नोटेवर दुकानदार मिठाची पुडीदेखील देणार नाही, तिची किंमत ती काय, असे कोणीही विचारील. परंतु जगात अशा कित्येक नोटा व नाणी आहेत की, ती चलनातून गेली आणि मगच त्यांचे मोल वाढू लागले. हे कसे घडते, आणि असा संग्रह आज घरबसल्या देशोदेशींच्या गिऱ्हाइकांपुढे लिलावात कसा मांडला जातो, हे आपण या पाठात पाहू.

महाराष्ट्रातील व गोव्यातील काही घरांत जुन्या पेटीच्या तळाशी परदेशी चलन सापडते. ते तेथे कसे आले, याची कारणे इतिहासात आहेत. दुसऱ्या महायुद्धात मराठा पायदळाच्या पलटणी इटलीत लढल्या. तेथे दोस्त राष्ट्रांच्या सेनेने १९४३ पासून स्वतःच्या लिरा नोटा चालविल्या होत्या. भाषणाचे स्वातंत्र्य, धर्माचे स्वातंत्र्य, अभावापासून मुक्ती आणि भयापासून मुक्ती, ही चार वचने त्या नोटांच्या मागील बाजूस छापलेली असत. घरी परतणाऱ्या जवानाच्या खिशात अशी एखादी नोट राहून जाई. कोकणातील खलाशी आगबोटींवरून बंदरोबंदरी फिरत आणि येताना तेथील नाणी मुलांना खेळावयास आणीत. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत रुपिया चाले व एका रुपियाचे सोळा तांगा होत. पुढे त्याच्या जागी एस्कुदो आले. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया चालू झाला. बदलून घ्यावयाच्या राहिलेल्या नोटा पेटीतच पडून राहिल्या.

जुनी वस्तू म्हणजे महाग वस्तू, असा पुष्कळांचा समज असतो. पण तो खरा नव्हे. नोटेचे मोल तीन गोष्टींवर ठरते : ती किती दुर्मीळ आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि ती हवीशी वाटणारे लोक किती आहेत. वय हे या तिहींच्या मागून येते.

जर्मनीचे उदाहरण घ्या. १९२३ साली तेथे भयंकर महागाई झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका अमेरिकी डॉलरला ४,२०,००० कोटी मार्क मोजावे लागत. सरकारी छापखाना पुरेना, म्हणून शंभराहून अधिक खाजगी छापखाने नोटा छापण्यास जुंपले. वेळ वाचविण्यासाठी कित्येक नोटा एकाच बाजूने छापल्या गेल्या. हजार मार्कांच्या तयार नोटांवर तांबड्या शाईचा शिक्का मारून त्या शंभर कोटी मार्कांच्या केल्या. इतक्या नोटा छापल्या गेल्या की, शंभर वर्षे लोटली तरी त्या विपुल आढळतात. म्हणून त्यांपैकी बहुतेकींना आजही थोडकीच किंमत येते.

याच्या उलट उदाहरण आखाती रुपयाचे. एके काळी कुवेत, बहारीन, कतार इत्यादी आखाती प्रदेशांत भारतीय रुपयाच चाले. तेथे रुपये नेऊन सोने घ्यावे आणि ते चोरून भारतात आणावे, असा व्यापार वाढला आणि भारताजवळचे परकीय चलन वाहून जाऊ लागले. त्याला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ साली केवळ आखाताकरिता निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकापूर्वी ‘झेड’ हे अक्षर असे. पुढे कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला आणि १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर तोवर तो वापरणाऱ्या राज्यांनीही हळूहळू हा रुपया सोडला. नोटा बँकेकडे परत आल्या. मागे फारच थोड्या उरल्या. जर्मन नोटेहून वयाने लहान असलेली ही नोट म्हणूनच संग्राहक कितीतरी अधिक पैसे मोजून घेतात.

मागणीचा चमत्कार झिंबाब्वेच्या नोटेत दिसतो. त्या देशाने जानेवारी २००९ मध्ये १०० ट्रिलियन डॉलरची, म्हणजे एकावर चौदा शून्ये असलेली नोट काढली. तिच्यावर एकावर एक तोललेल्या शिळांचे चित्र आहे. थोड्याच महिन्यांत ते चलन बंद पडले. २०१५ साली सरकारने जुने चलन बदलून दिले, तेव्हा त्या नोटेला सुमारे ४० अमेरिकी सेंट मिळत. संग्राहक मात्र त्याच नोटेला त्याच्या अनेक पटींनी अधिक देत होते. ती विशेष दुर्मीळ नव्हती. पण इतकी शून्ये एकाच कागदावर पाहण्याचे कुतूहल जगभर होते.

आता अवस्थेचा विचार करू. कोरी करकरीत नोट आणि तीच नोट घड्या पडलेली, यांच्या किमतींत मोठे अंतर पडते. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली नाण्यांची अवस्था १ ते ७० या अंकांनी सांगण्याची रीत घातली. आता नोटांसाठीही तशीच मोजपट्टी वापरतात. म्हणून संग्रह हाती आला की, प्रथम आपले हात आवरावेत. नाणे चिंच किंवा राख लावून घासले, तर ते लखलखते खरे, पण त्याचा अनेक वर्षांत चढलेला मूळ रंग निघून जातो आणि त्याबरोबर किंमतही. फाटलेल्या नोटेस चिकटपट्टी लावू नये, घडीवर इस्त्री फिरवू नये. काही मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून कालांतराने आम्ल द्रव्य सुटते व नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. म्हणून संग्राहकांसाठी मुद्दाम केलेली पाकिटे वापरावीत.

लिलाव आपणांस नवा नाही. बाजार समितीत भाजीपाल्याचा लिलाव होतो, तेथे माणसे समोरासमोर उभी राहून बोली करतात. ऑनलाइन लिलावात विकणारा एका गावी, तर घेणारा दुसऱ्या खंडात असतो. पियेर ओमिद्यार यांनी १९९५ साली अमेरिकेत अशा लिलावाचे स्थळ सुरू केले. तेच पुढे ‘ई-बे’ या नावाने प्रसिद्ध झाले. आता नाणी व नोटा यांचे लिलाव करणाऱ्या पेढ्याही संगणकावरून बोली स्वीकारतात. विकणारा नोटेच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे देतो, वर्णन लिहितो, आरंभीची किंमत सांगतो आणि मुदत ठरवितो. काही वेळा तो एक राखीव किंमतही ठरवितो. बोली तिच्यापर्यंत पोहोचली नाही, तर वस्तू विकली जात नाही. विक्री झाल्यावर पेढी आपली दलाली कापून घेते.

बोली करणाऱ्याने रात्रंदिवस संगणकापुढे बसावे लागते काय? नाही. तो आपली अखेरची मर्यादा गुप्तपणे कळवून ठेवतो व यंत्र त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढविते. समजा, एका नोटेची आरंभीची किंमत ५०० रुपये आहे आणि बोली ५० रुपयांनी वाढते. एकाने ९०० रुपयांची मर्यादा कळविली, दुसऱ्याने १,२०० रुपयांची. यंत्र दुसऱ्याची बोली ९५० रुपयांवर थांबवील, कारण पहिल्याला मागे टाकण्यास तेवढे पुरे. पुढे तिसऱ्याने १,५०० रुपये कळविले, तर किंमत १,२५० होईल आणि नोट तिसऱ्यास मिळेल. म्हणजे जिंकणारा स्वतःच्या मर्यादेइतके नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या मर्यादेहून किंचित अधिक देतो. अशाच एका पद्धतीचा अभ्यास विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली प्रसिद्ध केला व १९९६ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत मनातील खरी किंमत सांगणेच हिताचे ठरते. कमी सांगितली, तर परवडणाऱ्या भावात वस्तू हातची जाते. अधिक सांगितली, तर पश्चात्तापाची पाळी येते.

परंतु या साऱ्या व्यवहाराचा पाया यंत्र नव्हे, विश्वास हा आहे. भाजी घेणारा ती हातात घेऊन पारखतो. दूरच्या गिऱ्हाइकापुढे मात्र केवळ चित्र आणि चार ओळी असतात. नोटेला टाचणीचे भोक आहे, कोपरा दुमडला आहे, मागे शाईचा डाग आहे, हे ठाऊक असते ते एकट्या विकणाऱ्यास. ते त्याने लपविले, तर एका विक्रीत चार पैसे अधिक मिळतील. पण नोट परत येईल, आणि घेणाऱ्याने नोंदविलेला प्रतिकूल अभिप्राय पुढील प्रत्येक गिऱ्हाईक वाचील. नकली वस्तूंचाही सुळसुळाट आहे. मौल्यवान नोट असल्यास ती आधी जाणत्या तपासनिसाकडून पारखून घेणे श्रेयस्कर.

विकणाऱ्याचीही फसवणूक होते. ‘तुमच्या जुन्या नोटेला लाखो रुपये देतो, आधी कर आणि शुल्क भरा,’ असे सांगणारे भामटे पुष्कळ आहेत. ते रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्हही वापरू लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने लोकांना सावध केले : आपण असा व्यवहार करीत नाही, असे शुल्क मागत नाही आणि कोणासही तसा अधिकार दिलेला नाही. तसेच १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे हे पुरावस्तूंत मोडते. ते कोणाही व्यक्तीस आपल्या मर्जीने परदेशी पाठविता येत नाही. तेव्हा मुलांनो, असा व्यवहार घरातील मोठ्या माणसांनी, नियम जाणून घेऊनच करावयाचा असतो.

एक गोष्ट मात्र तुम्हांस आजच करता येईल. घरात असे चलन असेल, तर ते कोणी, कोठून व केव्हा आणले, हे आजी-आजोबांस विचारून एका वहीत लिहून ठेवा. नोट विकावी की ठेवावी, हे घरातील वडीलधारी ठरवितील. गरज पडली, तर विकण्यात काही कमीपणा नाही. पण नोट गेल्यावर तिच्यामागची हकीकतही गेली, तर ती कोणत्याही लिलावात परत मिळत नाही. जुन्या कागदाचा भाव बाजार ठरवितो. त्याचा अर्थ जतन करणे आपल्या हाती असते.