घरचं गॅरेज – लेखांक ९ : लिफ्ट घेण्याआधी जमीन बघा

मागच्या आठवड्यात जॅक आणि स्टँड पाहिले. त्यापुढची पायरी म्हणजे लिफ्ट. अमेरिकेत घराला लागून दोन गाड्यांचं गॅरेज सर्रास असतं. त्यामुळे तिथल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना गाडीची कामं स्वतः करायची हौस आहे, त्यांच्या मनात लिफ्टचा विचार कधी ना कधी येतोच. मग किंमत आणि वजनक्षमता यांची चौकशी सुरू होते. माझं आग्रहाचं सांगणं असं, की चौकशी पायाखालच्या काँक्रीटपासून सुरू करा.

दोनखांबी लिफ्टमध्ये गाडी खांबांच्या मधे, चार हातांवर तोललेली असते. तिचं वजन दोन्ही खांबांना सतत आत ओढतं आणि त्यांच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला असलेले अँकर बोल्ट उपटू पाहतं. त्या बोल्टांना धरून ठेवणारं काँक्रीटच. १०,००० पौंडांच्या लिफ्टसाठी बरेच उत्पादक किमान ४ इंच जाडीचं आणि ३,००० पीएसआय ताकदीचं काँक्रीट मागतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. आपल्या बांधकामाच्या हिशेबात हे साधारण एम-२५ झालं. पुण्या-नाशकाकडे बंगल्याच्या पार्किंगला पुष्कळदा भरावावर पातळ पीसीसी आणि वर फरशी असते. तिच्यावर असे खांब उभे करण्याचा विचारही नको. तिथे खोदून लिफ्टसाठी वेगळं काँक्रीट ओतून घ्यावं, आणि २८ दिवस होईपर्यंत त्यावर भार देऊ नये.

टेक्सास आणि कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी. तिकडच्या अनेक घरांचा स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचा असतो. म्हणजे काँक्रीटच्या पोटात पोलादी केबल ताणून बसवलेल्या असतात आणि एकेका केबलवर सुमारे ३३,००० पौंडांचा ताण असतो. ड्रिल मारताना अशी केबल तुटली तर ती काँक्रीट फोडून बाहेर येऊ शकते. अशा घरांत गॅरेजच्या जमिनीवर, बहुधा दाराजवळ, कापू नका किंवा भोक पाडू नका अशी सूचना ठशाने उमटवलेली असते. वर रंग किंवा एपॉक्सी चढवली असेल तर ती दिसतही नाही. म्हणून घराचे नकाशे काढा, स्लॅब स्कॅन करून घ्या आणि इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका.

जमीन पक्की निघाली की वर बघा. पाच फूट उंचीची गाडी सहा फूट उचलायची तर अकरा फूट मोकळे हवेत, आणि पुष्कळ घरांत छत असतं आठ-नऊ फुटांवर. त्यात उघडलेलं गॅरेजचं दार छताखालीच येऊन थांबतं, त्याची जागा वजा करा. उंची कमी पडत असेल तर कमरेएवढी उचलणारी कात्री लिफ्ट घ्या. ब्रेक आणि टायरच्या कामाला ती पुरते. एकावर एक दोन गाड्या ठेवायच्या असतील तर चारखांबी बरी. तिच्यात गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते, पण चाकं काढायची तर वेगळा जॅक लागतो.

प्रमाणपत्राच्या बाबतीत मी कुणाची भीड ठेवणार नाही. अमेरिकेत ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट ही संस्था १९४५ पासून आहे. प्रमाणित लिफ्टवर तिचं सोनेरी लेबल असतं. ‘आमची लिफ्ट मानकांनुसार बनवली आहे’ हे विक्रेत्याचं वाक्य त्या लेबलाची जागा घेऊ शकत नाही. मॉडेल नंबर संस्थेच्या यादीत स्वतः शोधा. युरोपात याच कामासाठी ईएन १४९३ हे मानक आहे.

क्षमतेचा आकडाही नीट वाचायला हवा. १०,००० पौंड ही चारही हातांची बेरीज आहे. एका हाताच्या वाट्याला २,५०० येतात, आणि इंजिन पुढे असलेल्या गाडीत पुढच्या हातांवर जास्त भार पडतो. विजेच्या गाडीचं वजन बॅटरीमुळे वाढलेलं असतं आणि ती बॅटरी तळालाच असते, म्हणून हात कंपनीने दाखवलेल्या जागीच लावायचे.

आता लॉक. गाडी वर नेण्याचं काम हायड्रॉलिक तेल करतं. वर तोलून धरण्याचं काम पोलादी लॉकचं. गाडी चढताना प्रत्येक टप्प्यावर ‘खट्’ असा आवाज येतो, तो लॉक खाचेवरून सरकल्याचा. हव्या त्या उंचीच्या थोडं वर न्या, मग खाली सोडून दोन्ही बाजूंचे लॉक खाचेत बसवा. दोन्ही बसलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. त्याही आधी, चाकं जमिनीपासून जेमतेम सुटली की थांबा, गाडी हाताने हलवून बघा. डुलली तर खाली घ्या आणि पॅड नव्याने लावा.

दोनखांबीवर इंजिन किंवा मागचा ॲक्सल उतरवणार असाल तर तोल सरकतो. जड भाग निघाला की गाडी दुसऱ्या टोकाकडे कलंडू शकते. म्हणून पहिला बोल्ट सोडण्याआधीच त्या टोकाखाली उंच आधारस्टँड लावा.

पुढच्या लेखांकात : अँकर बोल्ट, केबल आणि तेल यांची नियमित तपासणी.